वरून ऑर्डर आहे

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोरच्या चौकात एक उंच सज्जा आहे. महापालिकेनेच तो बांधला. समोरचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लोकांना नीट दिसावं, फोटो काढता यावेत, एवढाच त्याचा उद्देश. संध्याकाळी इमारतीवर रंगीत दिवे लागले की तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. गावाकडून आलेली कुटुंबं, कॉलेजची मुलं, लग्न ठरलेली जोडपी, सगळ्यांचे हात वर. ही इमारत २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तिचा फोटो काढावासा वाटला तर त्यात नवल काय?

आता रस्ता ओलांडून त्याच स्थानकात शिरा. मोबाइल वर करून हवे तितके फोटो काढा, कोणी वळूनही बघणार नाही. पण खांद्यावरच्या बॅगेतून मोठा कॅमेरा बाहेर काढा, ट्रायपॉडचे पाय उघडा. बहुधा थोड्याच वेळात गणवेशातला कोणीतरी समोर येऊन उभा राहील आणि विचारेल, परवानगी आहे का?

ज्याला खरोखर टेहळणी करायची आहे तो ट्रायपॉड घेऊन चारचौघांत उभा राहत नाही. खिशातला मोबाइल त्याला पुरतो. हे त्या गणवेशातल्या माणसालाही कळतं. तरी अडवला जातो तो कॅमेरावालाच, कारण तो दिसतो.

फोर्टात, हॉर्निमन सर्कलजवळ, असा एक प्रसंग माझ्यासमोर घडला. कमर्शियल आर्टचा एक विद्यार्थी फुटपाथवर उभा राहून एका जुन्या इमारतीच्या कमानीवरचे दगडी मुखवटे टिपत होता. रस्त्यावरून सगळ्यांना दिसतात तेच मुखवटे. आतून सिक्युरिटीवाले काका आले. साताऱ्याकडचे असावेत, बोलण्यावरून तसं वाटलं.

'ए भाऊ, फोटो नाय काढायचा.'

'काका, मी फुटपाथवर आहे. आत आलेलोच नाही.'

'ते खरं हाय. पण बिल्डिंगचा काढतोयस ना?'

'कुठे लिहिलंय, काढायचा नाही म्हणून?'

'लिहिलेलं नाय. वरून ऑर्डर आहे.'

पोरगा हुज्जत घालत बसला नाही. काकांनी 'डिलीट कर' म्हटलं, त्याने त्यांच्यासमोर चार-पाच फोटो पुसले आणि कॅमेरा बॅगेत टाकला. काका त्याच्यावर खेकसले नाहीत, हात लावला नाही. उलट जाताना म्हणाले, 'माझी नोकरी जाईल रे, दुसरं काय नाय.' सगळं दोन-तीन मिनिटांत मिटलं. या दोन-तीन मिनिटांत काय काय घडलं ते मात्र नीट पाहायला हवं. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या एका नागरिकाने, कोणताही कायदा न मोडता, स्वतःच्या मालकीची वस्तू दुसऱ्याच्या सांगण्यावरून नष्ट केली. सांगणाऱ्याकडे तो अधिकार नव्हता. आणि ज्याच्या नावाने सांगितलं गेलं तो 'वरचा' कोण, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

काकांचा राग मला आला नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर प्रशिक्षण द्यावं असं म्हटलंय. पोलिसांचे अधिकार त्या कायद्याने त्याला दिलेले नाहीत. एखाद्या सामान्य नागरिकाला जेवढे आहेत तेवढेच त्याला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कोणताही माणूस गुन्हेगाराला धरू शकतो आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. फुटपाथवरून इमारतीचा फोटो काढणं हा अजामीनपात्र सोडाच, साधासुधा गुन्हाही नाही. इमारतीच्या आवारात मालकाची मर्जी चालते. मॉलमध्ये, हॉटेलात, ऑफिसच्या लॉबीत त्यांनी 'बंद करा' म्हटलं की बंद करावं, 'बाहेर जा' म्हटलं की जावं. त्यांची सत्ता उंबरठ्यापर्यंत आहे, फुटपाथ त्यांचा नाही.

कधी कधी कॉपीराइटचं कारण पुढे केलं जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचलं तर त्यातलं बळ निघून जातं. वास्तूचा फोटो काढणं आणि छापणं याने हक्कभंग होत नाही, असं ते कलम सरळ सांगतं. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पांनाही तेच लागू. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलने २०१७ मध्ये आपल्या इमारतीच्या प्रतिमेचा ट्रेडमार्क घेतला, तेव्हा बरीच घबराट पसरली होती. पण ट्रेडमार्कचा संबंध व्यापारी वापराशी येतो. गेटवेवर उभं राहून आजीचा फोटो काढताना मागे ताज आला तर आजीला कोणी नोटीस पाठवणार नाही.

खरी भीती असते ती पोलिसांची, आणि पोलिसांच्या तोंडी ज्या कायद्याचं नाव येतं त्याची. तो म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट. इंग्रजांनी केलेला. त्यात 'प्रतिबंधित जागा' अशी एक संज्ञा आहे. तिथे देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक हेतूने जाणं, नकाशा किंवा चित्र काढणं याला हेरगिरी म्हटलंय. संरक्षणविषयक गोष्टींत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. एवढं ऐकलं की कोणाचेही हात गार पडतात, आणि धमकी देणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

त्याच कायद्यात ही व्याख्या कशी केलीय ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. लष्कराचे तळ, नौदलाच्या गोद्या, शस्त्रागारं, लढाऊ जहाजं या जागा आपोआप प्रतिबंधित आहेत. मुंबईत लायन गेटपाशी नौदलाच्या गोदीसमोर कॅमेरा रोखू नये, आणि तिथल्या जवानाने हटकलं तर त्याच्याशी वाद घालू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण इतर सरकारी जागा, रेल्वे, रस्ते, पूल, जलमार्ग, पाण्याची आणि विजेची केंद्रं यांच्यासाठी कायद्याने एक पायरी घातली आहे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ती विशिष्ट जागा प्रतिबंधित म्हणून जाहीर केली पाहिजे. आणि त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावलेली असली पाहिजे.

ही अट परक्या सरकारने घातली आहे. गुलाम प्रजेला धाकात ठेवण्यासाठी ज्यांनी कायदा लिहिला त्यांनाही वाटलं की एखाद्या जागी मनाई करायची तर ती तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे. म्हणजे मुंबईतल्या एखाद्या पुलावर ही मनाई असेल तर ती मराठीत लिहिलेली हवी, राजपत्रातला क्रमांक आणि तारीख घालून. मी ज्या पाट्या पाहतो त्यांवर 'छायाचित्रणास सक्त मनाई आहे' एवढंच असतं. कोणाची मनाई, कोणत्या कायद्याने, कुठून कुठपर्यंत, कधीपर्यंत, काही नाही. पुष्कळ ठिकाणी पाटीही नसते, फक्त वरून ऑर्डर असते.

या कायद्याचा वापर कुठवर गेला याचं उदाहरण वर्ध्यात घडलं. एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या वादाच्या संदर्भात पोलीस ठाण्यात गेले होते. तिथल्या चर्चेचं त्यांनी मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून त्यांच्यावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवण्यात आला. हेरगिरीचा कायदा, शेजाऱ्यांच्या भांडणात! जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. प्रतिबंधित जागेची व्याख्या कायद्यात सविस्तर दिलेली आहे, तीत पोलीस ठाणं येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, आवाज टिपणारे सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिलेला होता. ज्या जागेचं चित्रीकरण व्हावं असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला वाटतं, तिथेच नागरिकाने मोबाइल चालू केला तर तो हेर ठरत होता. तो डाग पुसून घेण्यासाठी एका साध्या माणसाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मुंबईत सुरक्षेचा विषय निघाला की २६ नोव्हेंबर २००८ आठवतोच, आठवायलाच हवा. त्या रात्रीच्या दहशतवादी हल्ल्यात याच टर्मिनसात, तेव्हाच्या सीएसटीत, पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. स्थानकासमोर टाइम्स ऑफ इंडियाची इमारत आहे. गोळीबाराचे आवाज ऐकून 'मुंबई मिरर'चे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा घेऊन तिथून धावत स्थानकात शिरले. उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यांचा आडोसा घेत त्यांनी फोटो काढले. हातात रायफल, पाठीवर बॅग घेऊन चालत जाणाऱ्या हल्लेखोर कसाबचा फोटो साऱ्या जगाने पाहिला, तो त्यांचा. टाइम्सचे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री तिथे फोटो काढले. दोघांचीही साक्ष झाली, फोटो पुरावा म्हणून दाखल झाले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, त्या निकालपत्रात या दोन छायाचित्रकारांच्या साक्षीची स्वतंत्र दखल घेतली आहे आणि त्यांच्या धैर्याची, व्यवसायनिष्ठेची प्रशंसा केली आहे.

त्याच निकालपत्रात न्यायालयाने वृत्तवाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. ताज आणि इतर ठिकाणच्या कारवाईचं थेट प्रक्षेपण सुरू होतं, जवान कुठे आहेत, कुठून शिरताहेत हे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्हीवर बघत होते आणि फोनवरून हल्लेखोरांना सांगत होते. त्याने जवानांचे जीव धोक्यात आले. पुढे अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला केबल टीव्हीच्या नियमांत मनाई आली, ती योग्यच आहे.

एकच रात्र, एकच निकालपत्र. कॅमेऱ्याने काय साधतं आणि काय बिघडतं, दोन्ही त्यात आहे. हा निकाल वाचून धोरण आखलं असतं तर नियम सोपा झाला असता. चालू कारवाई थेट दाखवू नका, लष्करी जागा टिपू नका, बाकी कॅमेऱ्याला अडवू नका, तो साक्षीदार आहे. प्रत्यक्षात २६/११ नंतर ज्या स्थानकात छायाचित्रकाराचा फोटो फासापर्यंत नेणारा पुरावा ठरला, त्याच स्थानकात छायाचित्रकारावरचा संशय वाढला. दुसरीकडे सरकारचे कॅमेरे वाढत गेले. शहरभर साडेचार हजारांहून अधिक सीसीटीव्हींचं जाळं २०१६ मध्ये पूर्ण झालं. ते असायला माझी हरकत नाही. सरकारने आमच्याकडे बघावं आणि आम्ही सरकारकडे बघू नये, याला आहे.

याच मुंबईत १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचं चौपाटीवरचं त्यांचं स्वागतही सावे दादांनी टिपलं. भारतातल्या बातमीपटाची सुरुवात तिथून मानतात. म्हणजे उघड्या सार्वजनिक जागेत, लोकांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या एका मराठी माणसाच्या कॅमेऱ्यापासून. पुढे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्यात उभी असलेली ती माणसं शहराने रोज पाहूनही पाहिलेली नव्हती. 'वरून ऑर्डर' आली असती तर हे काम कुठल्या परवानगीच्या फाइलीत अडकलं असतं, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

लंडनने या रस्त्यावर आपल्याआधी पाय ठेवला होता. तिथल्या २००० च्या दहशतवाद कायद्याचं कलम ४४ पोलिसांना, विशिष्ट क्षेत्र जाहीर झालं की, कोणाचीही संशयाशिवाय झडती घेण्याचा अधिकार देत होतं. नंतर उघड झालं की संपूर्ण लंडन हेच ते क्षेत्र होतं. २००१ पासून दर २८ दिवसांनी मुदत वाढवली जात होती आणि लोकांना त्याची खबर नव्हती. चर्चचे, इमारतींचे, नाताळच्या रोषणाईचे फोटो काढणाऱ्यांना अडवलं जाऊ लागलं. २३ जानेवारी २०१० रोजी ट्रफाल्गर चौकात शेकडो छायाचित्रकार आपापले कॅमेरे घेऊन जमले. 'मी छायाचित्रकार आहे, दहशतवादी नाही' ही त्यांची घोषणा होती. त्याच महिन्यात, १२ तारखेला, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने कलम ४४ विरुद्ध निकाल दिला होता. फिर्यादींपैकी एक पत्रकार होती. २००३ मध्ये शस्त्रास्त्र प्रदर्शनाबाहेरचं आंदोलन चित्रित करायला गेली असता तिला थांबवलं होतं. जुलै २०१० मध्ये सरकारने त्या झडत्या थांबवल्या, २०१२ मध्ये कलमच गेलं. दहशतवादविरोधी अधिकारांखाली २००९-१० या एका वर्षात एक लाखाहून अधिक लोकांना थांबवून तपासलं गेलं. त्यांतून दहशतवादाच्या गुन्ह्यासाठी एकालाही अटक झाली नाही.

न्यूयॉर्कमध्ये २००९ च्या नोव्हेंबरात फेडरल न्यायालयाच्या इमारतीबाहेर एक तरुण चित्रीकरण करत होता. त्याला पकडलं, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेतलं. तो न्यायालयात गेला. पुढच्या ऑक्टोबरात तडजोड झाली. सार्वजनिक जागेवरून फेडरल इमारतीचे फोटो काढायला मनाई करणारा कोणताही सर्वसाधारण नियम नाही, हे सरकारने मान्य केलं आणि तसं आपल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना लेखी कळवलं. कायदा तोच राहिला, फक्त दारावरच्या माणसाच्या हातात 'वरची ऑर्डर' पहिल्यांदा कागदावर आली.

आपल्याकडे लेखी नियम नाहीत असं नाही. विमानतळावरचं छायाचित्रण १९३७ च्या विमान नियमांपासून परवानगीच्या कक्षेत आहे. जुलै २०१८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संरक्षित स्मारकांमधली फोटोबंदी उठवली आणि तीन अपवाद नाव घेऊन सांगितले: ताजमहालचा आतला भाग, अजिंठ्याची लेणी आणि लेहचा राजवाडा. अजिंठ्याची रंगचित्रं ज्याने पाहिली आहेत त्याला ही बंदी पटते. गणेशोत्सवात मुंबई पोलीस विसर्जनानंतरच्या भग्न मूर्तींचे फोटो काढायला आणि पसरवायला मनाई करणारा आदेश काढत आले आहेत. तो मला पटत नाही. किनाऱ्यावर आलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या अवयवांचे फोटो छापून आले म्हणूनच शाडूच्या मूर्तींकडे अनेक घरं वळली. पण त्या आदेशावर सही आहे, तारीख आहे, मुदत आहे. तो वाचता येतो, त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. 'वरून ऑर्डर'च्या विरुद्ध कुठे जाणार?

आता छायाचित्रकारांविषयी. कॅमेरा हातात आला की समोरचा माणूस म्हणजे केवळ विषय, असं समजणारे आमच्यात पुष्कळ आहेत. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटावर लांब लेन्स रोखायची, खाली अंग धुणाऱ्या माणसाला न विचारता टिपायचं आणि त्याने हात उगारला की 'पब्लिक प्लेस आहे' म्हणून सांगायचं. कायद्याने ते बहुतेक वेळा चालतं, माणुसकीने नाही. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी टिपणं हा तर गुन्हाच आहे. २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. धारावीत सहली नेणाऱ्या रिअ‍ॅलिटी टूर्सने आपल्या पर्यटकांना वस्तीत फोटो काढायला मनाई केली आहे आणि सहलीच्या आधीच ते सांगितलं जातं. अशी मनाई मी डोक्यावर घेतो. ती राहणाऱ्यांच्या मानासाठी आहे आणि ती आधी, स्पष्ट शब्दांत सांगितली जाते. दगडी इमारतीला असा मान-अपमान नसतो. अडवलं जातं ते मात्र इमारतीपुढेच, गरिबाच्या दारात नाही.

फोटो पुसायला लावण्याचं पुन्हा सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त घडतं ते हेच. पोलिसांना वस्तू जप्त करता येते. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, आणि त्याची खबर दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणं १ जुलै २०२४ पासून पोलिसांवरच बंधनकारक झालंय. पण 'डिलीट कर' म्हणण्याचा अधिकार देणारं कलम मला कुठेही सापडत नाही. फोटो काढणं हा गुन्हा असेल तर तो फोटो पुरावा आहे, पोलिसाने तो जपायला हवा. गुन्हा नसेल तर पुसायला सांगायचं कारण उरत नाही. दोन्ही बाजूंनी ती मागणी बेकायदा ठरते. पत्रकारांसाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये विधिमंडळाने हल्लाविरोधी कायदा मंजूर केला, तो प्रसारमाध्यमांत काम करणाऱ्यांना आधार देतो. हॉर्निमन सर्कलमधल्या त्या विद्यार्थ्याकडे ओळखपत्र कॉलेजचं होतं. तो त्या कायद्यात बसत नाही. रस्त्यावर फोटो काढणारे बहुतेक जण त्याच्यासारखेच असतात.

त्याच्यासाठी एक वाट मला दिसते, ती स्वस्त आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर होतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. रेल्वे, बंदर किंवा केंद्राच्या अखत्यारीतली इतर जागा असेल तर अर्ज केंद्रीय नियमांनी जातो, शुल्क तेवढंच. सुरक्षेचं कारण देऊन माहिती नाकारायची मुभा कायद्यात आहे. पण ज्या अधिसूचनेची प्रत भिंतीवर लावणं बंधनकारक आहे, ती गोपनीय आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. जिथे जिथे अडवलं जाईल तिथल्या कार्यालयाला विचारावं: या जागी छायाचित्रणास मनाई करणारी अधिसूचना कोणत्या तारखेच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली? तिची मराठी प्रत कुठे लावली आहे? मनाईची हद्द कुठून कुठपर्यंत आहे? सुरक्षा कर्मचाऱ्यांना याबाबत दिलेल्या लेखी सूचनांची प्रत मिळावी. आणि अशा सूचना दिलेल्या नसतील, तर तसं लिहून द्यावं.